पिल्लाची आई कुठे आहे?

२०२४ च्या फेब्रुवारीतली सकाळ. आमच्या बजाजनगरात सहा वाजता दूध सेंटरवर बायकांचीच गर्दी असते. ज्यांच्या घरचा माणूस फर्स्ट शिफ्टला, त्यांना डबा साडेसहाच्या आत भरायचा असतो. त्या दिवशी मात्र दुधाच्या पिशव्या हातात तशाच धरून सगळ्या बागेच्या कुंपणाशी उभ्या. काय झालं म्हणून मीही गेले. कुंपणाला नायलॉनच्या दोरीनं एक पिवळसर लॅब्रॅडोर कुत्री बांधलेली. रात्रीतून कुणीतरी बांधून गेलं होतं. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली, आणि सड मात्र लालबुंद, दुधानं तटतटलेले. पिल्लू एकही नाही.

"अगं, बाळंतीण हाय ही," आमच्या गल्लीतल्या मावशी म्हणाल्या. बाकी काही न विचारता घरी गेल्या आणि अर्ध्या तासात गूळ घालून कणकेचा शिरा करून घेऊन आल्या. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल, गावाकडे कुत्री व्याली की गल्लीतली पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, चमचाभर तेल-तूप गोळा करायची आणि तिला शिरा करून घालायची. ती कुणाच्या मालकीची नसायची, पण तिचं बाळंतपण सगळ्या गल्लीचं असायचं.

माझं मात्र शिऱ्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या डाव्या कानाची कड फाटलेली होती आणि ती खूण मला ओळखीची होती. ही राणी होती. तिला विकत घ्यायला आमच्या बचत गटानं कर्ज दिलं होतं, आणि त्या ठरावाखाली माझी सही होती.

आता मागचं सांगते. २०२१ चं वर्ष. लॉकडाऊननंतर आमच्या गटातल्या एकीच्या नवऱ्याचं कंत्राटी काम सुटलं. घरात दोन लेकरं, खोलीभाडं थकलेलं. ती जून महिन्याच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला पंधरा हजार पाहिजेत. लॅबची फीमेल घेते. वर्षाला दोन वेळा पिल्लं होतात. एका वेळेस आठ जरी धरली अन् पिल्लामागं पाच हजार जरी भेटले, तरी बघा हिशेब." हिशेब आम्ही बघितला. गटातून शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, शेवयांच्या मशीनला देतो, मग याला का नाही? मी सचिव. प्रोसिडिंगमध्ये 'घरगुती जोडधंदा' असं लिहिलं, दोन टक्क्यांनी कर्ज मंजूर झालं. तीन महिन्यांची राणी घरी आली. गोड होती. बैठकीला सोबत यायची आणि सगळ्यांच्या चपला इकडच्या तिकडं करायची.

तिचा पहिला माज नवव्या महिन्यात आला आणि त्याच माजाला तिला दाखवली. नर दुसऱ्याचा होता, त्याच्या मालकाला एक पिल्लू द्यायचं ठरलं. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट असतात. २०२२ च्या फेब्रुवारीत नऊ पिल्लं झाली, दोन दगावली, एक नरवाल्यानं नेलं, सहा विकली. महिन्याभराच्या आत विकली, कारण त्यानंतर पिल्लं खायला लागतात आणि खर्च वाढतो. कर्ज फिटलं. त्या दिवशी तिनं गटाला पेढे वाटले, मीही खाल्ले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आठ झाली. २०२३ च्या मे महिन्यात सहा. तेव्हा राणी दोन दिवस अडली होती म्हणे. तिच्या थोरल्या मुलीची नर्सिंगची फी या पिल्लांतून गेली, हेही मला लिहायलाच हवं. ती फी दुसऱ्या कुठून आली नसती.

त्यानंतर राणी खाईना, केस गळायला लागले. डॉक्टरकडे नेलं की पाचशे-हजार जाणार. मग रांजणगावकडचा एक पिल्लांचा धंदा करणारा आला आणि चार हजार देऊन तिला घेऊन गेला. पुढच्या माजाला त्यानंही तिला लावली असणार. पिल्लं काढून घेतली, आणि उरलेली आई कुंपणाला बांधून दिली.

हे सगळं मी जोडत गेले तेव्हा मला सगळ्यात आधी राग त्या माणसाचा आला. मग आमच्या गटातल्या त्या बाईचा आला. दुपारी घरी येऊन कपाटातून गटाची जुनी वही काढली, तेव्हा मात्र राग कुणावर काढावा ते कळेना. त्या पानावर पिल्लांची किंमत होती, खाण्याचा खर्च होता, लसीचा होता. राणीला किती विश्रांती, तिची तपासणी कुणी करायची, ती अडली तर पैसे कुठून, आणि तिचं वय झालं की ती कुठं राहणार, यातलं एक अक्षर नव्हतं. आम्ही सोळा बायका बसलो होतो त्या बैठकीत. सोळा जणींची मिळून तिसाच्या वर बाळंतपणं झालेली. सव्वा महिना, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, दोन मुलांत अंतर, हे सगळं ज्यांना तोंडपाठ, त्या सोळा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की नवव्या महिन्यात माजावर आलेलं जनावर म्हणजे आपल्यातली तेरा वर्षांची पोर.

माणसाचं मोजमाप जनावराला लावू नये, हे मला कळतं. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते फार वेगळं नव्हतं. राणीला मी आणि मावशींचा मुलगा छोटा हत्तीत घालून शहरात घेऊन गेलो. गर्भाशयात पू झाला होता. ऑपरेशन करून ते काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या माजाला कुत्रीचं स्वतःचं हाड वाढत असतं, त्यात आठ-नऊ पिल्लं पोटात आणि मग तेवढीच अंगावर पिणारी. दुधातून अंगातलं कॅल्शियम जातं. पामेरियनसारख्या लहान जातीत तर व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कॅल्शियम एकदम उतरून आई थरथरायला लागते, झटके येतात, वेळेवर सलाईन नाही मिळालं तर जाते. लोक म्हणतात नजर लागली. भरून निघायला वेळ लागतो, आणि माज तर सहा-सात महिन्यांनी पुन्हा येतो. शरीराला माज आला म्हणजे ते बाळंतपणाला तयार झालं असं नाही, हे आपल्याला मुलींच्या बाबतीत समजायलाही पुष्कळ वर्षं लागली.

दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी एक ऊसतोडीला जाऊन आलेली बाई शेळी घेऊन बसली होती. राणीच्या पोटावरची पट्टी बघून तिनं विचारलं, "हिची बी पिशवी काढली का?" त्या 'बी' नं माझ्या पोटात गोळा आला. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली होती. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते, आणि त्यात कुणी तरी कॅन्सरची भीती घालतो. बाईची आणि कुत्रीची तुलना करायची नाही मला. पण अंग हे कमाईचं साधन झालं, की त्या अंगाचं दुखणं हिशेबात कुठं बसवायचं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच सुटतो. बसवायचंच नाही.

कायदा आहे का? आहे, आणि मला तो २०२४ पर्यंत माहीत नव्हता. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे आहेत. त्यात आईविषयी अगदी नेमकं लिहिलं आहे. मादी किमान अठरा महिन्यांची हवी. नर दाखवण्याआधी पशुवैद्यानं ती निरोगी असल्याचा दाखला द्यायला हवा. बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही. उभ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. आठ वर्षांनंतर पैदास बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही, विकताना त्याला लस दिलेली हवी आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली हवी. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे पाच हजार रुपये भरून नोंदणी करायची, ती दोन वर्षं चालते, आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. मोठ्या फार्मवाल्यालाच हे लागू असं नाही. घरात एक मादी ठेवून पिल्लं विकणारी आमची मैत्रीणही त्यात येते.

राणीचा हिशेब या नियमाला लावून बघितला. कुंपणाला बांधलेली सापडली तेव्हा ती तीन वर्षांचीही पुरती नव्हती. नियमानं तिचं पहिलं वेतच अठरा महिन्यांनंतरचं, म्हणजे तोवर फार तर दोन झाली असती. झाली होती चार.

आता कायदा मोडला तर काय होतं तेही ऐका. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. वाचताना चूक झाली नाही तुमची, पन्नासच. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आता एक पिल्लू हजारांत जातं आणि दंडात पाव किलो पेढेही येत नाहीत. जनावराला मारून टाकलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण वर्षातून दोनदा बाळंत करून झिजवलं तर त्याला जायबंदी करणं म्हणायचं का, हे कुणी ठरवायचं? तक्रार करायची तर जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, पशुसंवर्धन खातं असतं, पोलीस ठाणं असतं. तक्रार करायला मुळात आई दिसायला तर हवी. ती असते पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवरच्या पिंजऱ्यात, मागच्या बोळात. आपल्याला दाखवतात ते टोपलीतलं पिल्लू, गळ्यात लाल रिबीन बांधलेलं.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात शेळी घ्यायला गेलेली बाई काय काय बघते आठवा. दात बघते, सड दाबून बघते, "किती वेताची?" विचारते, चालवून बघते. आणि तीच बाई मुलाच्या वाढदिवसाला सहा हजारांचं पिल्लू घेते तेव्हा विचारते, "हे मोठं झालं की केवढं होईल? चावत नाही ना?" मी स्वतः असंच पिल्लू एकदा भाचीसाठी घेतलं होतं. तीस दिवसांचं. विकणारा म्हणाला, लहान असतानाच नेलं की लवकर लळा लागतो. मला ते पटलंही होतं. खरं उलटं आहे. पिल्लाचे डोळेच दहा-चौदा दिवसांनी उघडतात. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत ते आई-भावंडांशी खेळत शिकतं, की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. आईनं गुरगुरून दिलेला धाक त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडतो. तिथून लवकर उचललेली पिल्लं पुढं घाबरट किंवा चावरी होण्याची शक्यता जास्त. शिवाय त्या वयात अंगात जी काही प्रतिकारशक्ती असते ती आईच्या पहिल्या दुधाची. भाचीचं पिल्लू पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागून गेलं. पार्व्हो म्हणतात त्या रोगाला. भाची आठवडाभर जेवली नाही, आणि आम्ही तिला समजावलं, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." त्याच्या आईचं काय झालं असेल हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

आई दाखवा, एवढी एकच अट घालून एका देशानं कायदा केला आहे. २०१३ साली ब्रिटनमध्ये वेल्समधल्या एका पैदास-फार्ममधून लुसी नावाची एक लहान जातीची कुत्री सोडवून आणली गेली. पिंजऱ्यात वर्षानुवर्षं ठेवून पिल्लं काढल्यामुळे तिचे खुबे आखडून गेले होते, अंगावर केस नव्हते, झटके यायचे. मार्क अब्राहम नावाच्या पशुवैद्यानं अनेक वर्षं ही मोहीम चालवली. लुसी २०१६ मध्ये गेली. तिच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदारानं किंवा मधल्या दलालानं विकायचं नाही. घ्यायचं तर जिथं जन्मलं तिथं जाऊन, आईसोबत बघून, नाहीतर अनाथ कुत्र्यांच्या आसऱ्यातून. पळवाटा तिथंही निघत असतील. पण घरात जाऊन आई बघितली की तिचे सड, तिचे डोळे, तिची जागा हे कुणाही बाईला पाच मिनिटांत कळतं. त्यासाठी पशुवैद्य असायची गरज नाही.

आपल्याकडे मागणी कशी वाढते तेही बघण्यासारखं आहे. २००३ साली हच कंपनीची मोबाईलची जाहिरात आली होती. एका मुलाच्या मागे मागे चालणारं ते चपट्या नाकाचं पग कुत्रं. त्यानंतर पग म्हणजे 'हचवाला कुत्रा' झाला, आणि ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही तो हवासा वाटू लागला. चपट्या तोंडाच्या या जातींना नीट श्वास घेता येत नाही. पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद, त्यामुळे बाळंतपण अवघड. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या जातींत शंभरातली ऐंशीहून जास्त बाळंतपणं सिझेरियननं झालेली होती. म्हणजे जिला पोट फाडल्याशिवाय मूलच होणार नाही, अशी आई माणसानं मुद्दाम घडवली, कारण पिल्लाचं तोंड गोंडस दिसतं. मला तरी यात जबाबदार पैदास कशी करायची ते समजत नाही. आणि आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंश असताना गच्चीवर बर्फातलं हस्की बांधणाऱ्यांना काय म्हणावं!

मग देशी कुत्री पाळा म्हणतात. जरूर पाळा. आपल्या दख्खनच्या पठारावरची कारवानी जात आहे, अंगकानांवर रेशमासारखे लांब केस असलेली पश्मी आहे. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव पश्मीसाठी प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला घोरपड्यांच्या संस्थानानं हीच शिकारी जात जोपासली आणि ती 'मुधोळ हाउंड' म्हणून नावारूपाला आली. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' मध्ये तिचं नाव घेतलं. या कुत्र्यांना आपल्या उन्हाची सवय आहे, तोंड लांब आहे, कंबर मोकळी आहे, बाळंतपण सहसा आपलं आपण होतं. पण एवढ्यानं आईचा प्रश्न मिटत नाही. पूर्वी ती शेतावर असायची, ससा मारायला जायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गेली. आता तिलाही दावणीला बांधून वर्षाला दोन वेतं काढता येतात, आणि देशाभिमानानं घेतलेल्या पिल्लाचीही आई कुणी बघत नाही.

आमच्या गटात मी हे सगळं बोलले तेव्हा एक जण फटकन म्हणाली, "ताई, म्हशीला आपण रोज पिळतो. तिचं रेडकू मरू देतो. तिथं तुमचा नियम कुठं असतो?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. अजूनही पुरतं देता येत नाही. म्हशीच्या दुधावर घरं चालतात आणि तिचेही हाल होतात, दोन्ही खरं. एवढंच म्हणाले, की म्हैस भाकड झाली तरी तिला पुन्हा गाभण राहीपर्यंत आपण थांबतो, कारण ती मेली तर घर बुडतं. कुत्री मेली तर पंधरा हजारांत दुसरी येते. स्वस्त आई लवकर झिजवली जाते.

आणि दुसरीनं विचारलेला प्रश्न जास्त खरा होता. "नियमानं चाललं तर परवडतं का?" आम्ही बसून मांडलं. अठरा महिने नुसतं सांभाळायचं. वर्षाला एकच वेत. पिल्लं आठ आठवडे घरात, त्यांचं खाणं, लस, चिप, नोंदणीची फी, आईची तपासणी, अडली तर ऑपरेशनचे सात-आठ हजार बाजूला. पाच हजारांना पिल्लू विकलं तर हातात फार काही राहत नाही. पिल्लाची किंमत दुप्पट-तिप्पट केली तरच जमतं. म्हणजे बाजारात जे स्वस्त पिल्लू मिळतं ते स्वस्त का असतं, ते त्या कागदावर स्पष्ट दिसत होतं. वरचा फरक आईच्या अंगातून निघालेला असतो. तेव्हा "एवढं महाग?" म्हणून तोंड वाकडं करणारे आपण आणि राणीला कुंपणाला बांधणारा तो माणूस, यात व्यवहार एकच आहे. जी बाई नियमानं पैदास करते, गिऱ्हाईकाला घरात बोलावून आई दाखवते, आणि "न जमल्यास पिल्लू मलाच परत करा, रस्त्यावर सोडू नका" म्हणून बजावते, तिला मी नावं ठेवणार नाही. शहरात अशी एक माणसं मला भेटलीसुद्धा. त्यांच्याकडे पिल्लासाठी पाच-सहा महिने थांबावं लागतं. लोक थांबत नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. आधी दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांना आसऱ्यात न्या, मग २२ ऑगस्टला नसबंदी-लस करून त्याच भागात सोडा. तेव्हा आमच्या कट्ट्यावरही खूप वाद झाले. लहान मुलांना कुत्री चावतात, ती भीती खोटी नाही, माझ्या पुतण्याला स्वतःला इंजेक्शनं घ्यावी लागली आहेत. पण त्या वादात मी एक विचारलं. रस्त्यावर ही जी अधूनमधून लांब केसांची, दुमडल्या कानांची दिसतात, ती कुठून आली? कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेलीच ना? महापालिकेनं, ग्रामपंचायतीनं नसबंदी करायचीच आहे. आपण मात्र एका बाजूनं पैदास करत राहायची आणि दुसऱ्या बाजूनं टाकत राहायची.

जाता जाता एक बारीकसं. हा लेख लिहिताना मी सुरुवातीला सगळीकडे 'मादी' लिहिलं होतं. 'कुत्री' लिहायला हात धजत नव्हता, कारण तो शब्द आपल्याला शिवी म्हणूनच माहीत. नळावरच्या भांडणात पहिला तोच निघतो. नंतर मीच खोडून कुत्री लिहिलं.

राणीच्या ऑपरेशनला सात हजार लागले. गटातल्या बायकांनी शंभर-दोनशे करून दिले. मावशींनी पाचशे दिले आणि वर "औषधाला ठेव" म्हणून डिंकाच्या लाडवांची पिशवीही दिली, ती मला परत करावी लागली. जिनं राणीला विकलं होतं ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी अंधार पडल्यावर दारात येऊन उभी राहिली. दोन हजार हातात ठेवले आणि आत न येता विचारलं, "मला वळखंल का?" राणी मागच्या दारात झोपली होती. आवाज ऐकून उठली आणि शेपटी हलवत तिच्याकडे गेली. तिला रागावायचं मी ठरवून ठेवलं होतं, ते राहून गेलं. राणी आता आमच्याकडेच असते. नर्सिंगवाली मुलगी सुटीत आली की तिची नखं कापून जाते.

मागच्या बैठकीत गटाकडे पुन्हा एक अर्ज आला. या वेळी पगची फीमेल, वीस हजार. आम्ही नाही म्हटलं नाही, पण वहीत आता रकाने वाढले आहेत. जन्मतारीख, पशुवैद्याचा दाखला, आधीची वेतं, अडल्यास बाजूला ठेवायची रक्कम, नोंदणी क्रमांक, आणि पैदास थांबल्यावर ती कुठे राहणार. अर्ज करणारीनं शेवटच्या रकान्याशी पेन थांबवलं आणि म्हणाली, "हे घरी विचारून सांगते." पुढची बैठक दहा तारखेला आहे.